अंधारात विमान शोधायचं कसं? दुसऱ्या महायुद्धातली जर्मन नाइट फायटर विमानं

नाइट फायटर म्हणजे रात्री येणारी शत्रूची बॉम्बर विमानं काळोखात शोधून पाडण्यासाठी तयार केलेलं लढाऊ विमान. आज जवळपास कुठलंही लढाऊ विमान रात्री उडू शकतं, त्यामुळे हा शब्द वापरातून गेला आहे. १९४० ते १९४५ या काळात मात्र हा एक वेगळा प्रकार होता. जर्मनीने त्यासाठी वापरलेली महत्त्वाची विमानं दोन इंजिनांची आणि जड होती: मेसरश्मिट बीएफ ११०, युंकर्स जू ८८ आणि नंतर थोड्या संख्येने हाइंकेल एचई २१९. यातली पहिली दोन या कामासाठी बनवलेलीच नव्हती.

या विषयावरच्या लेखांत सहसा वेग, तोफा आणि कोणी किती विमानं पाडली याचे आकडे असतात. इथे ते कमी आहेत. खरी लढाई रेडिओ लहरींची होती आणि आपल्या वेबसाइटच्या वाचकांना त्यातच जास्त रस असेल असं धरून चालतोय.

ही विमानं ज्यांची शिकार करत होती त्यांच्यात कोकण-गोव्याकडचं एक आडनाव सापडतं: शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या ८३ स्क्वाड्रनमध्ये ते नॅव्हिगेटर होते आणि त्यांना डीएफसी म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळालं होतं. ८३ स्क्वाड्रन ऑगस्ट १९४२ पासून ‘पाथफाइंडर’ दलात होती. मुख्य ताफ्याच्या आधी पोचायचं, रंगीत ज्योती टाकून लक्ष्य दाखवायचं आणि परत यायचं, हे त्यांचं काम. लँकॅस्टर विमानात सात जण असायचे. नॅव्हिगेटर पडद्याआड छोट्या दिव्याखाली नकाशा, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन बसायचा. बाहेर काय चाललंय ते त्याला बहुतेक वेळ दिसायचंसुद्धा नाही.

धोका किती होता याचा एक साधा हिशोब करूया. समजा प्रत्येक मोहिमेत शंभरातली ४ विमानं परत येत नाहीत. ऐकायला कमी वाटतं. पण एका टूरमध्ये साधारण ३० मोहिमा असायच्या आणि ०.९६ चा ३० वा घात काढला तर उत्तर येतं ०.२९. पाथफाइंडरची टूर ४५ मोहिमांची, तिथे उत्तर ०.१६. बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० वैमानिक-कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ मारले गेले.

दिवसा नापास

बीएफ ११० पहिल्यांदा उडालं मे १९३६ मध्ये. कल्पना अशी होती की दोन इंजिनं, भरपूर इंधन आणि नाकात जबरदस्त तोफा असलेलं विमान आपल्या बॉम्बर विमानांना लांबपर्यंत सोबत करेल. जर्मनांनी या प्रकाराला ‘विध्वंसक’ या अर्थाचं नाव दिलं होतं. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर त्याची परीक्षा झाली. स्पिटफायर आणि हरिकेन ही एका इंजिनाची हलकी विमानं गर्रकन वळायची, ११० ला ते जमेना. त्या काही महिन्यांत २०० हून जास्त ११० नष्ट झाली. ज्यांनी रक्षण करायचं त्यांच्याच रक्षणाला दुसरी विमानं पाठवायची वेळ आली.

रात्री हिशोब उलटा होतो. अंधारात कोलांट्या मारायच्या नसतात. तासन्‌तास हवेत थांबायचं असतं, सरळ उडायचं असतं, आणि लक्ष्य सापडलं की थोड्या सेकंदांत काम संपवायचं असतं. लँकॅस्टर प्रवासात ताशी ३५० किलोमीटरच्याही खाली असायचं, त्याला गाठण्याइतका वेग ११० कडे होता. शिवाय त्यात दुसरा माणूस बसवायची जागा होती, नाकावर अँटेना लावायला जागा होती, आणि त्या यंत्रांचं वजन उचलण्याची ताकद होती. एका इंजिनाच्या विमानात तर नाकातच इंजिन असतं, तिथे अँटेना लावणार कुठे?

जून १९४० मध्ये वोल्फगांग फाल्क यांच्या हाताखाली पहिली नाइट फायटर तुकडी उभी राहिली. थोड्याच दिवसांत योझेफ कामहुबर यांच्याकडे सगळ्या नाइट फायटर व्यवस्थेची सूत्रं आली.

जमिनीवरून वाट दाखवणारे

सुरुवातीला विमानात रडार नव्हतंच. सगळं जमिनीवर होतं. कामहुबरने डेन्मार्कपासून फ्रान्सच्या दिशेने चौकटींची एक रांग आखली. प्रत्येक चौकटीत एक फ्राया रडार, दोन वुर्त्सबुर्ग रडार आणि एक नाइट फायटर. फ्राया लांबून ‘कोणीतरी येतंय’ एवढं सांगायचं. मग एक वुर्त्सबुर्ग बॉम्बरवर लावायचं आणि दुसरं आपल्याच फायटरवर. तळघरात काचेच्या टेबलावर दोन रंगांचे प्रकाशाचे ठिपके सरकायचे आणि अधिकारी रेडिओवरून पायलटला सांगायचा: डावीकडे वळ, थोडं वर, आता सरळ. या पद्धतीला नाव होतं हिमेलबेट, म्हणजे छत्रपलंग.

पद्धत चांगलीच होती, पण तिला एका वेळी एकच गिऱ्हाईक सांभाळता यायचं. एका चौकटीत तासाला साधारण सहा पाठलाग, त्याहून जास्त नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल: सर्व्हर मजबूत, पण थ्रेड एकच.

ब्रिटिशांनी नेमकं तेच हेरलं. ३० मे १९४२ च्या रात्री कोलोनवर त्यांनी हजाराहून जास्त विमानं पाठवली, तीही विखरून नाही, तर एकाच अरुंद पट्ट्यातून एकामागून एक. त्या वाटेवरच्या मोजक्या चौकटींवर लोंढा कोसळला आणि बाकीच्या चौकटींमधली फायटर नुसती घिरट्या घालत राहिली.

नाकावरची ‘गादी’

१९४२ मध्ये लिश्टेनश्टाइन नावाचं रडार विमानातच बसवायला सुरुवात झाली. त्याची वारंवारता ४९० मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साधारण ६१ सेंटिमीटर. नाकावर चार जुडग्यांत अँटेनांच्या काड्या बाहेर आलेल्या असायच्या. या जंजाळाला लोक गंमतीने ‘गादी’ म्हणायचे, गादीच्या स्प्रिंगा दिसाव्यात तसं काहीतरी. या काड्यांमुळे हवेचा रोध वाढायचा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आसपास कमी व्हायचा. बरेच पायलट सुरुवातीला यावर वैतागले होते.

मागे बसलेल्या रेडिओ ऑपरेटरसमोर तीन गोल पडदे असायचे: एक अंतरासाठी, एक डावं-उजवं बघायला, एक वर-खाली बघायला. रडारचं गणित सोपं आहे. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. समोरचं विमान २ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४ किलोमीटर, म्हणजे सुमारे १३ मायक्रोसेकंद. या वेळाला पडद्यावर जिथे उंचवटा दिसेल तिथे विमान. पल्ला ३ ते ४ किलोमीटर, आणि किमान अंतर सुमारे २०० मीटर. किमान अंतर का? कारण आपली लहर पूर्ण बाहेर पडायच्या आत प्रतिध्वनी आला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात. शेवटचे २०० मीटर माणसाच्या डोळ्यांनीच पार करायचे. बहुतेकदा पहिल्यांदा दिसायची ती इंजिनांच्या धुरांड्यांची मंद लाली.

म्हणजे जमिनीवरच्या रडारने ३-४ किलोमीटरपर्यंत आणायचं, विमानातल्या रडारने २०० मीटरपर्यंत, आणि पुढे डोळे. यातला कुठलाही टप्पा निसटला की बॉम्बर सुटला.

सत्तावीस सेंटिमीटर

या सगळ्या साखळीला एका कागदी पट्टीने तोडलं. धातूची पट्टी तरंगलांबीच्या निम्मी असेल तर ती त्या लहरीला सगळ्यात चांगला प्रतिसाद देते, छोट्या अँटेनासारखी. वुर्त्सबुर्गची तरंगलांबी सुमारे ५४ सेंटिमीटर. निम्मी केली की २७. जोन करन या भौतिकशास्त्रज्ञ महिलेने १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये यावर काम केलं: एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम लावलेल्या कागदी पट्ट्यांचे गठ्ठे विमानातून सोडले तर रडारच्या पडद्यावर खोटी विमानंच विमानं दिसतात. सांकेतिक नाव ‘विंडो’.

आता खरी मजा. हीच कल्पना जर्मनांनाही सुचली होती, त्यांचं नाव ‘ड्यूपेल’. दोघांनीही ती कपाटात ठेवली, कारण आपण वापरली तर समोरचा शिकेल अशी दोघांनाही भीती! ब्रिटिश वर्षाहून जास्त काळ थांबले. शेवटी २४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर ती वापरली. ७९१ विमानं गेली, १२ परत आली नाहीत. वुर्त्सबुर्ग आणि लिश्टेनश्टाइन दोन्ही एकाच फटक्यात आंधळी झाली.

त्या आठवड्यात हॅम्बुर्गवर आणखी हल्ले झाले आणि आगीच्या वादळात तीस हजारांहून जास्त माणसं मेली, बहुतेक सामान्य नागरिक. नाइट फायटरची गोष्ट वाचताना हेही लक्षात ठेवायला हवं. त्यातले पायलट हिटलरच्या राजवटीसाठी लढत होते आणि त्याच वेळी खाली त्यांची गावं जळत होती.

यावर जर्मन अभियंत्यांनी नवं रडार आणलं, एसएन-२. त्याची वारंवारता ९० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या खालच्या टोकाजवळ. तरंगलांबी तीन मीटरहून जास्त, त्यामुळे २७ सेंटिमीटरच्या पट्ट्यांचा त्यावर फारसा परिणाम होईना. अँटेना मात्र तेवढ्याच मोठ्या झाल्या. आता ‘गादी’ऐवजी ‘हरणाची शिंगं’ आली. सुरुवातीच्या एसएन-२ ला ४००-५०० मीटरच्या आतलं दिसायचं नाही, म्हणून काही विमानांवर जुनं आणि नवं अशी दोन्ही रडार लावली होती. १९४३ च्या अखेरीला हे विमान उडायचं कसं, असं फोटो बघून वाटतं.

पद्धतही बदलली. चौकटी सोडून देऊन फायटरना थेट बॉम्बरच्या लोंढ्यातच शिरवायचं आणि लोंढ्याबरोबरच उडत एकेक गाठायचा. यासाठी हवेत जास्त वेळ टिकणारं विमान हवं. तिथे ११० कमी पडू लागलं आणि मुळात वेगवान बॉम्बर म्हणून बनवलेलं जू ८८ पुढे आलं. एचई २१९ हे तिसरं विमान कागदावर सगळ्यांत सरस होतं. त्यात पायलटला बाहेर फेकणारी इजेक्शन सीट होती, लढाईत वापरलेल्या विमानांत पहिलीच. ११ जूनच्या रात्री, १९४३ मध्ये, वेर्नर श्ट्राइबने त्यातून एका रात्रीत पाच बॉम्बर पाडले. पण ते कधीच मोठ्या संख्येने बनलं नाही. माझ्या मते इतिहासप्रेमींनी त्याला दिलेलं महत्त्व त्याच्या प्रत्यक्ष कामापेक्षा जास्त आहे. जर्मनीचा सर्वांत यशस्वी नाइट फायटर पायलट हाइन्त्स-वोल्फगांग श्नाउफर, १२१ विजय, तो जुनं ११० च चालवायचा.

तिरकं संगीत

लँकॅस्टरच्या नाकात, पाठीवर आणि शेपटीत मशीनगन होत्या. पोटाखाली बहुतेक विमानांत काहीच नव्हतं. जर्मनांनी फायटरच्या पाठीत दोन तोफा ६५ ते ७५ अंशांत वरच्या दिशेने तिरक्या बसवल्या. बॉम्बरच्या खाली जायचं, त्याच्याच वेगाने उडायचं, आणि वर नेम धरायचा. खालून बघितलं तर आकाशाच्या पार्श्वभूमीवर बॉम्बरची आकृती दिसते. वरून बघणाऱ्याला मात्र खाली फक्त काळोख. या रचनेचं नाव श्रेगे मुझिक, शब्दशः तिरकं संगीत. जर्मन बोलीत जाझला तसं म्हणायचे.

नेम विमानाच्या पोटावर नाही, दोन इंजिनांच्या मधल्या पंखातल्या इंधनाच्या टाकीवर. पोटात बॉम्ब असतात, ते फुटले तर दोघंही गेले. गोळ्यांची चमकती रेघ दिसू नये म्हणून ट्रेसर वापरायचे नाहीत. ऑगस्ट १९४३ मध्ये पेनेम्युंडेवरच्या हल्ल्याच्या रात्री याचा पहिला मोठा वापर झाला. ज्यांच्यावर हल्ला झाला त्यातले फार थोडे सांगायला परत आले, म्हणून ब्रिटिशांना हा प्रकार समजायला कित्येक महिने गेले. शेजारी एखादं विमान अचानक पेटून फुटलेलं दिसलं की ‘ते विमान नव्हे, आपल्याला घाबरवायला सोडलेला जर्मन तोफगोळा आहे’ असा समज बॉम्बर कर्मचाऱ्यांत पसरला होता. तसा तोफगोळा अस्तित्वातच नव्हता. ती खरी विमानं होती.

बॅटरी कोणाच्या हातात

रत्नागिरीत रात्री भगवती किल्ल्यावर उभं राहिलं की समुद्रात खूप दूरवर मासेमारीच्या बोटींचे दिवे दिसतात. त्या बोटीवरच्या माणसाला स्वतःच्या दिव्याच्या उजेडात आजूबाजूचं थोडंसं पाणी दिसतं, किल्ल्यावरचे तुम्ही अजिबात दिसत नाही. रडारचं तसंच आहे. रडारची लहर लक्ष्यापर्यंत जाताना पसरते आणि परत येतानाही पसरते, त्यामुळे प्रतिध्वनीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने कमी होते. अंतर दुप्पट, तर प्रतिध्वनी सोळावा हिस्सा. पण जो नुसता ऐकत बसलाय त्याच्यापर्यंत लहर एकदाच पसरून येते, तिथे ताकद फक्त वर्गाने कमी होते. म्हणून रडारला जेवढं दिसतं त्याच्या कित्येक पट लांबून ते रडार दुसऱ्याला दिसतं.

दोन्ही बाजूंनी याचा फायदा उठवला. ९ मे १९४३ ला एक जू ८८ जर्मनांची बाजू सोडून स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ डाइस इथे उतरलं, लिश्टेनश्टाइनसकट. ब्रिटिशांना ते रडार हाताळून तपासायला मिळालं. जून १९४३ पासून ‘सेरेट’ नावाचं उपकरण लावलेली ब्रिटिश ब्यूफायटर विमानं लिश्टेनश्टाइनच्या लहरींचा माग काढत नाइट फायटरचीच शिकार करू लागली.

उलट बाजूची गोष्ट जास्त वाईट आहे. ब्रिटिश बॉम्बरच्या शेपटीला ‘मोनिका’ नावाचं छोटं रडार होतं. मागून कोणी आलं की कर्मचाऱ्यांना बीप ऐकू यायचा. पण मागचं विमान आपलं की शत्रूचं हे त्याला कळायचं नाही, त्यामुळे लोंढ्यात ते सतत वाजतच राहायचं. आणि जर्मनांनी ‘फ्लेन्सबुर्ग’ नावाचा रिसीव्हर बनवला, जो फक्त मोनिकाचा आवाज ऐकायचा आणि सरळ तिकडे न्यायचा. खाली जमीन बघणाऱ्या ब्रिटिश एचटूएस रडारसाठी ‘नाक्सोस’ नावाचा दुसरा रिसीव्हर होता. जीव वाचवायला लावलेलं यंत्रच मारेकऱ्याला रस्ता दाखवत होतं आणि सात जणांपैकी कोणालाही ते माहीत नव्हतं.

३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गकडे ७९५ विमानं गेली. चंद्रप्रकाश होता. ९५ परत आली नाहीत. बॉम्बर कमांडची ही एका रात्रीतली सर्वांत मोठी हानी.

मग १३ जुलै १९४४ ला पहाटे एक जू ८८ वाट चुकून इंग्लंडमधल्या वुडब्रिज धावपट्टीवर उतरलं. आपण जर्मन हद्दीत आहोत असंच त्या पायलटला वाटत होतं. आत एसएन-२ आणि फ्लेन्सबुर्ग, दोन्ही धडधाकट. ब्रिटिशांनी फ्लेन्सबुर्ग आपल्याच लँकॅस्टरवर वापरून बघितलं आणि निकाल बघून बॉम्बरवरची मोनिका काढून टाकायचा हुकूम निघाला. एसएन-२ साठी लांब पट्ट्यांची नवी विंडो आली. त्यानंतर इंधनाचा तुटवडा, मरत गेलेले अनुभवी पायलट आणि मागे लागलेली ब्रिटिश मॉस्किटो यातून जर्मन नाइट फायटर सावरली नाहीत.

भारतात

जड, दोन इंजिनांचं विमान घेऊन त्यात रडार बसवायचा मार्ग ब्रिटिशांनीही धरला होता. त्यांचं ब्यूफायटर त्याच जातीचं. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलकात्यावर रात्री बॉम्ब टाकायला सुरुवात केली तेव्हा जानेवारी १९४३ मध्ये डमडमला १७६ स्क्वाड्रन उभी करून रडारवाली ब्यूफायटर आणली. १५ जानेवारीच्या रात्री सार्जंट प्रिंग या पायलटने काही मिनिटांत तीन जपानी बॉम्बर पाडले. स्वतंत्र भारताच्या हवाई दलाने १९५३ मध्ये पालमला १० स्क्वाड्रनमध्ये व्हँपायर एनएफ ५४ ही जेट नाइट फायटर घेतली. त्यातही पायलटच्या शेजारी रडार सांभाळणारा दुसरा माणूस बसायचाच.

पुण्याच्या लोहगावहून उडणाऱ्या सुखोई-३० एमकेआयमध्ये आजही मागे दुसरा माणूस असतो. काचेच्या पुढे नाकावर एक छोटा गोल घुमट दिसतो. तो इन्फ्रारेड सेन्सर आहे. समोरच्या विमानाची उष्णता तो नुसता बघतो, स्वतः काहीच पाठवत नाही.

कुठे बघायला मिळतात

लंडनच्या हेंडन भागातल्या आरएएफ म्युझियममध्ये शिंगंवालं बीएफ ११० जी-४ आहे. त्याच संग्रहालयात लँकॅस्टर आर५८६८ आहे, १३७ मोहिमा केलेलं. ८३ स्क्वाड्रनकडे असताना सुखटणकर ज्यात उडाले ते हेच. त्याच्या नाकावर ‘शत्रूचं एकही विमान राइशवरून उडणार नाही’ या अर्थाची गोअरिंगची बढाई मुद्दाम रंगवलेली आहे आणि शेजारी मोहिमांचे बॉम्ब ओळीने काढलेत. डाइसला उतरलेलं जू ८८ आता त्याच म्युझियमच्या कॉसफर्ड शाखेत आहे. उरलेलं एचई २१९ अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळ स्मिथसोनियनच्या विमान संग्रहालयात ठेवलंय.